गोठण्याआधीची मशागत

ज्या प्रदेशात जमीन दरवर्षी कित्येक महिने गोठून राहते, तेथील बागेचे वर्ष वसंतात सुरू होते आणि शरदात संपते असा सर्वसाधारण समज असला, तरी प्रत्यक्ष बाग राखणाऱ्यांचा अनुभव तसा नाही. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांचा परिसर या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सुमारे 45 उत्तर अक्षांशावर वसलेल्या या भागात ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत जे सात-आठ आठवडे हाती लागतात, त्यांतच पुढच्या वर्षीची हिरवळ, फुलझाडे आणि फळझाडे कशी असतील हे बव्हंशी ठरून जाते. या दिवसांतील काम बाग आवरण्याचे कमी आणि झाडांची स्वतःची जी तयारी चालू असते तिच्या आड न येण्याचे अधिक असल्यामुळे, काय करावे याइतकेच काय करू नये हेही माळ्याला ठाऊक असावे लागते.

झाडाला थंडीची पहिली वर्दी थंडीकडून मिळत नाही, ती रात्रीच्या लांबीकडून मिळते. सप्टेंबरात या अक्षांशावर दिवस रोज जवळजवळ तीन मिनिटांनी आखूड होत जातो आणि दुपारी अंगातून घाम निघावा इतके ऊन असतानाही मेपल किंवा सफरचंदाच्या झाडाची वाढ थांबून शेंड्याचे डोळे मिटू लागतात. ही पहिली पायरी. त्यानंतर थंड रात्रींचा स्पर्श झाला की दुसरी पायरी सुरू होते: पेशींतील साखरेचे प्रमाण वाढते, पाणी पेशींतून बाहेर पडून त्यांच्यामधल्या पोकळीत जाते आणि गोठायचे झाल्यास ते तेथे गोठते, जेणेकरून पेशीची आतली रचना फाटत नाही. फळबागायतदार या संपूर्ण क्रियेला हार्डनिंग म्हणतात. ती पुरी होण्यास कित्येक आठवडे लागतात आणि तिला घाईने उरकता येत नाही. 11 नोव्हेंबर 1940 रोजी, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या शस्त्रसंधी दिनी, अमेरिकेच्या मध्यपश्चिमेवर जे वादळ कोसळले त्याने ही गोष्ट निष्ठुरपणे दाखवून दिली. त्या वर्षीचा शरद लांबून उबदार राहिला होता, झाडे पुरती कणखर झालेली नव्हती आणि काही तासांतच पारा गोठणबिंदूच्या खूप खाली घसरला. शेजारच्या आयोवा राज्यातील सफरचंदाच्या बागांचे त्या थंडीत इतके नुकसान झाले, की तेथील सफरचंदाचा धंदा पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिलाच नाही. एरवी आयोवाची झाडे त्याहून कडक थंडी दर हिवाळ्यात सोसत आलेली होती, हे लक्षात घेतले म्हणजे थंडीच्या आकड्यापेक्षा तिच्या वेळेला किती महत्त्व आहे ते कळते.

यातून निघणारे नियम थोडे, पण पाळायला कठीण आहेत. ऑगस्ट उलटल्यावर झाडाझुडपांना नत्र देऊ नये, कारण त्याने कोवळी फूट येते आणि ती पहिल्याच फ्रॉस्टमध्ये, म्हणजे दहिवर गोठून पाने पांढरी होतात त्या रात्री, काळी पडते. छाटणीही करू नये, कारण कापलेल्या फांदीखालचे डोळे जागे होतात. सफरचंदाची छाटणी हिवाळा सरता सरता करणेच योग्य. पाणी मात्र तोडू नये. महाराष्ट्रात डाळिंबाचा किंवा संत्र्याचा बहार धरण्यासाठी बाग ताणावर सोडतात आणि तो ताण पाहिलेल्या माणसाला, वाढ थांबवायची तर पाणी बंद करावे, हे सहज पटते. परंतु या हवामानात हा तर्क घातक ठरतो. थुजासारख्या सदाहरित झाडांच्या पानांतून भर हिवाळ्यातील उन्हावाऱ्यातही थोडी वाफ जात राहते आणि मुळाभोवतीची माती गोठलेली असल्यामुळे ती तूट भरून निघत नाही. मार्चमध्ये तांबूस करपलेल्या दिसणाऱ्या कुंपणाचे मूळ अनेकदा ऑक्टोबरात न दिलेल्या पाण्यात असते.

या सर्व संयमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो म्हणजे हिरवळ. येथील अंगणांत प्रामुख्याने केंटकी ब्लूग्रास हे गवत असते. नावात केंटकी असले तरी ते मूळचे युरोप आणि आशियाकडचे असून थंड हवेत वाढणाऱ्या गवतांपैकी आहे. जुलैच्या उन्हात ते अर्धवट झोपते, प्रसंगी पिवळेही पडते, आणि ऑगस्टअखेर रात्री गार होऊ लागल्या की जमिनीखालच्या आडव्या खोडांतून पुन्हा पसरू लागते. म्हणून विरळ हिरवळीत बी टाकण्याचा काळ मध्य ऑगस्ट ते मध्य सप्टेंबर हा धरतात. त्या वेळी माती उबदार आणि हवा गार असते. शिवाय क्रॅबग्राससारखी वर्षायू तणे आता स्वतःच्या बियांवर आलेली असून पहिल्या फ्रॉस्टमध्ये मरणार असतात, त्यामुळे वसंतात नव्या रोपांना जी स्पर्धा सोसावी लागते ती येथे जवळजवळ नसते.

बी टाकण्याआधी जमीन मोकळी करावी लागते. त्यासाठी भाड्याने मिळणारे एरेटर नावाचे यंत्र चालवतात, ज्याचे पोकळ दाते जमिनीत दोन-तीन इंच शिरून मातीच्या बोटाएवढ्या कांड्या वर काढतात. हे यंत्र फिरल्यावर अंगण फारच ओंगळ दिसते आणि नवखा घरमालक त्या कांड्या गोळा करून फेकून देतो, हे प्रस्तुत लेखकाला या कामातील सर्वांत व्यर्थ कष्ट वाटतात. एखादी कांडी हातात घेऊन मोडून पाहिली तर वरच्या बाजूस गवताची गुंफलेली मुळे, मध्ये काळी माती आणि टोकाशी पिवळसर चिकणमाती असे तिचे थर स्पष्ट दिसतात; मुळे अर्ध्यावरच थांबलेली असली तर तेथपासून खाली जमीन दाबली गेली आहे हे वेगळ्या चाचणीशिवाय समजते. कांड्या जागेवरच राहू दिल्या तर दोन-तीन पावसांत विरघळतात आणि त्यांच्या खळग्यांत पडलेले बी मातीला चिकटून रुजते. ब्लूग्रासला उगवायला दोन ते चार आठवडे लागतात. तोवर वरचा पातळ थर ओला राखणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

खताच्या बाबतीत मिनेसोटाचा कायदा आड येतो आणि तो योग्यच आहे. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे प्रमाण दर्शवणारे तीन आकडे असतात. त्यांतील मधला, म्हणजे स्फुरदाचा आकडा, 2005 पासून राज्यभर हिरवळीच्या खतात शून्य असावा लागतो. नवी हिरवळ लावताना किंवा माती परीक्षणात कमतरता दिसल्यास त्यातून सूट मिळते. रस्त्यावरचे पावसाचे पाणी गटारांतून बहुतेक ठिकाणी प्रक्रियेविना तळ्यांत जाते, आणि स्फुरद मिळाला की तळ्यांत शेवाळ माजते. ज्या राज्यात दहा एकरांहून मोठी तळीच 11,842 मोजली गेली आहेत, तेथे हा प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही. परंतु कायद्याने पोत्यातला स्फुरद रोखला, तरी झाडावरून पडणारा रोखता येत नाही. पान गळण्यापूर्वी झाड त्यातील नत्र आणि स्फुरद बराचसा खोडामुळांत ओढून घेते. तरीही जो उरतो, तो गटाराच्या तोंडाशी साचलेल्या पाचोळ्यातून, चहाचा अर्क उतरावा तसा, पहिल्याच पावसात उतरतो. म्हणून अंगणातला पाचोळा गवत कापण्याच्या यंत्राखाली बारीक करून हिरवळीतच मुरू द्यावा, आणि झाडू मारायचाच असेल तर तो घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला मारावा, हा सल्ला नीटनेटकेपणाच्या रूढ कल्पनेला छेद देणारा असला तरी शहाणपणाचा आहे.

फुलांच्या वाफ्यांतही स्वच्छतेचा अतिरेक नडतो. शंकुफूल, अ‍ॅस्टर आणि इतर बहुवर्षायू झाडांचे वाळलेले दांडे उभे ठेवल्यास ते बर्फ अडवून मुळांवर पांघरूण धरतात, पक्ष्यांना बी मिळते आणि पोकळ दांड्यांत काही एकाकी मधमाशा हिवाळा काढतात. मिनेसोटाची राज्यमधमाशी ठरवलेली आणि 2017 पासून संकटग्रस्त गणली गेलेली तांबड्या ठिपक्याची भुंगेमाशी मात्र दांड्यात राहत नाही. तिची राणी एकटीच जमिनीत शिरून वसंताची वाट पाहते, त्यामुळे शरदात सारे वाफे खणून काढणे तिला घातक ठरण्याचा संभव असतो. दांडे उभे ठेवण्याला अपवाद पिओनीचा. तिच्या पानांवर बुरशी टिकून राहत असल्याने दांडे जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकावेत. सप्टेंबर हाच तिचे गड्डे विभागण्याचाही काळ होय. प्रत्येक तुकड्यावर तीन ते पाच गुलाबी डोळे ठेवून तो लावताना हे डोळे मातीखाली दोन इंचांपेक्षा खोल जाऊ देऊ नयेत, कारण खोल लावलेली पिओनी वर्षानुवर्षे हिरवीगार राहते आणि फुलत नाही. बागेतल्या इतर सर्व गोष्टी थंडीपासून दडवण्याच्या खटपटीत हिला मात्र थंडी लागेल अशी वरच ठेवावी लागते.

लसणाची गोष्ट सोपी. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेला लसूण उन्हाळा तापण्याच्या सुमारास निघतो; येथे ऑक्टोबरात लावलेली पाकळी थोडी मुळे धरून गोठलेल्या जमिनीत थांबते आणि गड्डा जुलैत हाती येतो. टोक वर, खोली दोन इंच आणि वर गवताचा जाड थर, एवढेच पथ्य. ट्यूलिपचे कंद त्याहून खोल जातात, आणि खारी ते उकरतात.

गुलाबासाठी मात्र येथे एक विलक्षण पद्धत रूढ झाली, जिला या राज्याच्याच नावाने मिनेसोटा टिप म्हणतात. मिनियापोलिसचे आल्बर्ट नेल्सन यांचे नाव तिच्याशी जोडले जाते. कलमी हायब्रिड टी गुलाब येथील हिवाळ्यात उघड्यावर जगत नाही, म्हणून ऑक्टोबराच्या मध्यास त्याच्या फांद्या सुतळीने आवळून बांधतात, बुंध्यापासून एका बाजूस झाडाच्या उंचीएवढा चर खणतात, मुळांची माती सैल करतात आणि फांदी न वाकवता संपूर्ण झाडच मुळांवर कलते करून चरात आडवे निजवतात. त्यावर माती, मातीवर पाने, आणि एप्रिलमध्ये पुन्हा उभे करणे. गोठलेल्या पण स्थिर जमिनीपेक्षा वरची वारंवार गोठवणारी आणि वितळवणारी हवा झाडाला अधिक मारक असते, हे या पद्धतीमागचे सूत्र अचूक आहे. तरीही चार-सहा झाडांपलीकडे हा खटाटोप शौकाच्या सदरात जातो आणि स्वतःच्याच मुळांवर वाढणारे काटक झुडपी गुलाब लावणे सामान्य माणसाला परवडते, असे म्हणणे अरसिकपणाचे ठरू नये.

या शहरांच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बागेत याच दिवसांत आणखी एक काम असते, ज्याची माहिती स्थानिक पुस्तकांत क्वचितच सापडते. उन्हाळाभर मागल्या अंगणात राहिलेली कढीपत्ता, मोगरा आणि तुळस यांची कुंडी, रात्रीचे तापमान दहा अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ लागताच आत घ्यावी लागते. फ्रॉस्टची वाट पाहत बसले तर तुळस एका रात्रीत जाते, आणि कार्तिकात तुळशीचे लग्न लावायचे असते तेव्हा बाहेर वृंदावन असले तरी त्यात लावायला काही उरत नाही. कुंडी आणण्यापूर्वी पानांची खालची बाजू आणि कढीपत्त्याच्या देठांच्या बेचक्या नखाने खरवडून पाहाव्यात: सालीचाच भाग वाटणारे तपकिरी ठिपके सुटून आले आणि बोटाला चिकटपणा लागला, तर ती खवले कीड होय, आणि घरातल्या उबेत ती नोव्हेंबरात शेजारच्या सर्व कुंड्यांवर पोचते. साबणाच्या पाण्याने झाड धुऊन, तीन-चार दिवस आडोशाच्या सावलीत ठेवून मगच ते दक्षिणेच्या खिडकीशी न्यावे. तापवलेल्या घरातील कोरड्या हवेत कढीपत्ता बरीच पाने गाळतो आणि बहुतेक घरांत तो तहानलेला आहे असे समजून त्याला पाणी वाढवले जाते. वास्तविक प्रकाश घटल्याने त्याची गरजही घटलेली असते आणि मुळे कुजून तो मरतो ते याच ममतेपायी. बोटभर माती कोरडी लागेपर्यंत थांबावे, फेब्रुवारीअखेर दिवस वाढू लागल्यावर नवे कोंब दिसतील तेव्हाच खत द्यावे, आणि मेच्या उत्तरार्धापूर्वी कुंडी बाहेर नेऊ नये; नेल्यावरही पहिले आठ दिवस ती उन्हात ठेवू नये, कारण खिडकीत वाढलेले पान उघड्या उन्हात भाजते.