गप्प बसलेले आजोबा

दर गुरुवारी मी एका वृद्धाश्रमात तपासायला जातो. गेल्या वर्षी एका गुरुवारी तिथल्या मावशी म्हणाल्या, "डॉक्टर, आजोबा आता अगदी शांत झालेत. काही कटकट नाही." मी नाडी, रक्तदाब, छाती तपासली. सगळं ठीक होतं. पुढच्या खोलीत गेलो.

रविवारी त्यांच्या मुलीचा तिथूनच फोन आला. "बाबांनी चार दिवसांत शब्दकोडं सोडवलेलं नाही. पेपरची घडीसुद्धा मोडलेली नाही." खरं सांगतो, आधी मला वाटलं, ऐंशी पार केलेल्या माणसाचं कोडं राहिलं तर काय एवढं? तरी रक्त तपासायला सांगितलं. सोडियम 118 निघालं. ते 135 ते 145 असायला हवं.

त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं. उतारवयात अशा औषधाने सोडियम उतरू शकतं आणि सुरुवातीला माणूस फक्त गप्प, झोपाळू होतो. फार उतरलं तर आकडी येते, शुद्ध हरपते. (म्हणून तुमची गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) आजोबांना रुग्णालयात ठेवून सोडियम हळूहळू वाढवावं लागलं.

मावशींना दोष देणार नाही. त्यांच्याकडे बारा जण आहेत. आरडाओरडा करणाऱ्याकडे लक्ष जातं, गप्प बसणाऱ्याकडे नाही. माझंही गेलं नाही. आजोबांचं 'नेहमीसारखं' म्हणजे काय, हे फक्त मुलीला ठाऊक होतं.

तेव्हा भेटायला जाल तर जेवणाच्या वेळी जा. ताटात काय उरतं? कवळी सैल झालीय का? श्रवणयंत्राचा सेल संपलाय का? ऐकू न येणाऱ्याला विसराळू ठरवायला आपल्याला वेळ लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्यांच्या टाचा आणि माकडहाड पाहा. बोटाने दाबूनही न जाणारी लाली ही जखमेची सुरुवात असते. दर महिन्याचं वजन विचारा. परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर "जेवलात का?" एवढंच विचारून थांबू नका, काय जेवलात ते विचारा. आणि आश्रमाशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवा. तीन भावंडांच्या तीन सूचना आल्या की एकही पाळली जात नाही.

आता मी प्रत्येकाच्या फाइलच्या पहिल्या पानावर नातेवाइकांकडून चार ओळी लिहून घेतो. आजोबांच्या पानावर मुलीने लिहिलंय : चहा बिनसाखरेचा. कोडं पेन्सिलने. आडवे शब्द आधी. मध्ये बोललेलं चालत नाही.