नफ्याच्या आधीची पानं

नागपुरात गांधीसागर तलावाच्या बाजूने जाताना तिथल्या मॉलला मी अजून एम्प्रेस मिलच म्हणते. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला इथे गिरणी सुरू केली. मुंबईऐवजी त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथला, कोळसा वरोऱ्याचा आणि रेल्वेही आलेली. कामगारांची गैरहजेरी मात्र मोठी होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे दंड कापता आला असता. त्यांनी 1886 मध्ये पेन्शन फंड काढला आणि 1895 पासून अपघात झालेल्या कामगाराला भरपाई द्यायला सुरुवात केली. तशा भरपाईचा कायदा देशात आला 1923 साली. मधली 28 वर्षं गिरणीवर कुणाची सक्ती नव्हती.

मी व्यवसायाने सीए. माणसाचा हात यंत्रात गेला तर ती भरपाई गिरणी चालवण्याच्याच खर्चात धरायची, असा या गोष्टीचा अर्थ मी लावते. आज आपण सामाजिक जबाबदारी नफा काढून झाल्यावर शोधतो. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135 मोठ्या कंपन्यांना गेल्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजासाठी खर्च करायला सांगतं. त्या पैशातून शाळेला स्वच्छतागृह मिळतं, गावाला पाण्याची टाकी मिळते. ही कामं खरी आहेत, हवीच आहेत. पण ऑडिटला बसले की कंपनी ज्यांचे पैसे देणं लागते त्यांची यादी मी आधी मागते. कंपनी कशी आहे हे मला तिथे कळतं.

हिंगणा एमआयडीसीत माझा एक अशील आहे. दोन लेथ, चार कामगार. शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद असतो, त्यावर येणी लिहिलेली. बिलाची तारीख निळ्या शाईत, फोन केल्याच्या तारखा लाल शाईत. गेल्या दिवाळीआधी एका बिलापुढे लाल तारखा अकरा होत्या. "मॅडम, ते पुढच्या सोमवारी सोडतो म्हणून राहिले," तो म्हणाला. कामगारांचा बोनस द्यायला त्याने बायकोच्या पाटल्या गहाण ठेवल्या. समोरच्या कंपनीला पैशांची चणचण नव्हती. त्याच्या पैशावर ती बिनव्याजी धंदा करत होती.

यासाठी कायदा आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यायचे, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज. हे 2006 पासून कागदावर आहे, पण ज्याच्याकडून पुढची ऑर्डर हवी त्याच्याकडे व्याज कोण मागणार? आता आयकर कायद्यानेही चाप लावला: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यावर काही खरेदीदारांनी पुरवठादारांना लघुउद्योग म्हणून असलेली 'उद्यम' नोंदणीच रद्द करायला सांगितली. माझ्या अशिलालाही तसा निरोप आला होता.

मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 मध्ये लिहिलं की नियमांच्या चौकटीत राहून नफा वाढवणं हीच धंद्याची जबाबदारी. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत नाही, पण निदान तेवढी चौकट तरी पाळा, असं म्हणण्याची वेळ माझ्यावर पुन्हा पुन्हा येते. खुल्या बाजारात दोघं राजीखुशीने सौदा करतात, हे गृहीत असतं. एकाने माल पोचवलाय आणि दुसरा फोन उचलत नाही, तिथे राजीखुशी उरते कुठे?

अलीकडे मी प्रत्येक मालकाला थेट विचारते, तुमच्याकडचं सर्वांत जुनं बिल कुणाचं? यंदा एका कारखान्यात मालकांना ते सांगता आलं नाही. त्यांनी अकाउंटंटला यादी घेऊन बोलावलं. सर्वांत वरची तारीख पोळ्याच्याही आधीची होती आणि नाव होतं कँटीनला पोहे-चहा पुरवणाऱ्याचं. आमच्या दोघांच्या समोरचे चहाचे कप त्याच्याकडूनच आलेले. मालकांनी कप खाली ठेवला आणि चेकबुक मागवलं.