नवे घेण्याआधीचे मोजमाप

‘तुलना’ या शब्दात ‘तुला’ आहे, म्हणजे तराजू. व्यापारी समाजात जन्मलेल्या आपल्यासारख्यांना हे वेगळे सांगायला नको. कापड असो की भुसार, दोन वस्तूंमध्ये निवड करायची असेल तर आधी माप एक असावे लागते. एका पारड्यात शेर आणि दुसऱ्यात किलो ठेवून कोणी न्याय करत नाही. आपल्या पूर्वजांनी श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रतात ‘कूडा तोल, कूडा माप’ हा अतिचार सांगितला. दर प्रतिक्रमणात आपण त्याची आलोचना करतो आणि तो दोष केवळ विकणाऱ्याचा आहे असे समजून पुढे जातो. घेणाऱ्यानेही मापाकडे डोळसपणे पाहिले पाहिजे, हे मला यंदा अगदी अनपेक्षित ठिकाणी जाणवले. ते ठिकाण म्हणजे माझ्या मुलाच्या संगणकातील ग्राफिक्स कार्ड.

मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहानपणी त्याने पूज्य आचार्य आनंदऋषीजी म. सा. यांच्या प्रेरणेने सुरू झालेल्या पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा दिल्या. आता त्याला खेळांचा नाद आहे आणि ‘ब्लेंडर’ नावाच्या सॉफ्टवेअरवर त्रिमितीय चित्रे घडविण्याचाही. त्याच्या संगणकातील कार्ड एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६०, सहा जीबीचे. हे कार्ड २०१६ साली बाजारात आले. २०२५ मध्ये कंपनीने जाहीर केले, की या पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर मिळणार नाहीत. सुरक्षेची दुरुस्ती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरू राहील. पर्युषण आटोपल्यावर मुलाने विषय काढला, “पप्पा, मला नवे कार्ड घ्यायचे आहे. पैसे माझे आहेत.” दोन वर्षे बाजारातील चार दुकानांचे हिशेब संगणकावर भरून त्याने ते जमविले होते.

पैसे त्याचे होते, हे खरेच. पण मी गेल्या चातुर्मासात महासतीजींकडून परिग्रह-परिमाणाचे पच्चक्खाण घेतले आहे, आणि तेव्हापासून एक नवी वस्तू घरात आली तर एक जुनी कोणाच्या तरी उपयोगी पडली पाहिजे, असा आमच्या घराचा रिवाज झाला आहे. व्रत माझे आहे, त्याचे नाही. त्याला मी सरळ ‘नको’ म्हणालो असतो, तर त्याने ऐकलेही असते. परंतु धर्म म्हणजे मोठ्यांच्या तोंडचा नकार, अशी समजूत या वयात एकदा रुजली की ती निघत नाही. आमच्यामध्ये पणाला लागले होते ते हे, कार्ड नव्हे. त्यातच त्याने एक प्रश्न असा विचारला की मला थांबावेच लागले. “दर दिवाळीला आपल्या दुकानात नवा माल येतो. तेव्हा आपण गिऱ्हाइकाला जुनीच साडी चालवा असे सांगतो का?”

कापडबाजारात आयुष्य काढलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. आमची रोजीरोटीच नव्यावर चालते. मी त्याला एवढेच म्हणालो, की जे गिऱ्हाईक गरज सांगते त्याला आपण गरजेचे कापड दाखवतो, आणि जे काहीच सांगत नाही त्याच्यापुढे सगळी गादी उलगडतो. तू आधी गरज सांग. मग त्याने वही काढली आणि आम्ही दोघे रोज रात्री जेवणाच्या वेळेनंतर नव्या-जुन्या कार्डांचा ताळेबंद मांडू लागलो.

पहिली गोष्ट समजली ती अशी, की या बाजारात नावावर विसंबून चालत नाही. जीटीएक्स १०६० हेच नाव सहा जीबीच्या आणि तीन जीबीच्या, अशा दोन कार्डांना होते. फरक केवळ स्मृतीचा वाटे, पण पहिल्यात गणना करणारे १२८० गाभे होते आणि दुसऱ्यात ११५२. पुढे आरटीएक्स ३०६० हे कार्ड फेब्रुवारी २०२१ मध्ये बारा जीबी स्मृतीसह आले. २०२२ मध्ये त्याच नावाचे आठ जीबीचे कार्ड निघाले आणि त्याचा स्मृतीकडे जाणारा मार्ग १९२ बिटांवरून १२८ बिटांवर आला होता. त्याच वर्षी आरटीएक्स ४०८० या एकाच नावाखाली दोन निराळी कार्डे जाहीर झाली. ग्राहकांनी इतकी ओरड केली की त्यांतील बारा जीबीचे कार्ड कंपनीने विक्रीपूर्वीच मागे घेतले. पाटी एक आणि ताका दुसरा, असे आमच्या धंद्यात झाले तर गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत लास व्हेगासच्या प्रदर्शनात एनव्हिडियाच्या प्रमुखांनी सांगितले, की ५४९ डॉलरचे नवे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० इतके काम करील. हे ४०९० कार्ड २०२२ मध्ये १५९९ डॉलरला आले होते. ऐकताना चमत्कार वाटतो. त्यातील मेख अशी, की नव्या कार्डात खेळाने प्रत्यक्ष रेखाटलेल्या एका चित्रामागे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली तीनपर्यंत चित्रे घालण्याची सोय आहे आणि तुलनेत तीही मोजली होती. त्यामुळे पडद्यावरील हालचाल गुळगुळीत दिसते, हा लाभ खोटा नाही. पण बटण दाबल्यावर खेळाने प्रतिसाद देण्याचा वेग त्या प्रमाणात वाढत नाही. विणलेल्या एका वाराला न विणलेले तीन वार जोडून ‘चार वार’ म्हणावे, तसे हे मोजमाप आहे. मुलगा हसून म्हणाला, “पप्पा, हाच तो कूडा माप.” मला त्याच्या विनोदापेक्षा त्याला तो शब्द आठवला याचे अधिक समाधान वाटले.

मग आम्ही एकच माप धरले. त्याचा मॉनिटर, त्याचा संगणक आणि त्याचे काम. मॉनिटर १०८० पिक्सेल उंचीचा आणि साठ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच चित्रे दाखविणारा. कार्डाने दीडशे काढली तरी डोळ्यांपुढे साठच येणार. तो सर्वाधिक खेळतो ते खेळ जुन्या कार्डावरही साठ चित्रे सहज देत होते. चालत नव्हते ते काही नवे खेळ. ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा ‘डूम : द डार्क एजेस’ यांना प्रकाशकिरणांची गणना करणारे, म्हणजे रे ट्रेसिंगचे कार्ड लागतेच आणि १०६० मध्ये ती सोय नाही. अडचण ब्लेंडरमध्येही होती. मोठे दृश्य घेतले की सहा जीबी स्मृती अपुरी पडे आणि रात्रभर चालू ठेवलेले काम पहाटे अर्धवट सापडे.

यानंतर वहीत दोन नावे उरली. एक मे २०२५ मध्ये आलेले आरटीएक्स ५०६०, आणि दुसरे वापरलेले आरटीएक्स ३०६०, बारा जीबीचे. नव्याचा वेग निश्चितच अधिक. स्मृतीची देवाणघेवाण नव्यात सेकंदाला ४४८ जीबी आणि जुन्यात ३६०. वीजही नव्याला कमी लागते. नव्याची कमाल १४५ वॅट, जुन्याची १७०. रोज दोन तास पूर्ण भाराने चालले तर वर्षाला नव्याला १०६ युनिट आणि जुन्याला १२४ युनिट. म्हणजे महावितरणच्या बिलात वर्षाला अठरा युनिटांचा फरक. हा आकडा आम्ही नव्याच्या बाजूने लिहिला. तुलनेत आवडत्या पारड्यावर बोट ठेवायचे नाही, असे ठरले होते.

पण जुन्याच्या बाजूनेही दोन ओळी होत्या. नव्यात स्मृती आठच जीबी आहे, जुन्यात बारा. चार वर्षांनंतरच्या वस्तूत ती कमी असावी हे मला पटेना. मुलाने समजावले, की केवळ खेळापुरते पाहिले तर आठ जीबीत पुष्कळ भागते, ब्लेंडरच्या मोठ्या दृश्याला मात्र बाराचा आधार लागतो. दुसरी ओळ मार्गिकांची. त्याचा मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा. ३०६० हे कार्ड सोळा मार्गिका वापरते, ५०६० आठच. नव्या मदरबोर्डवर प्रत्येक मार्गिका रुंद असल्याने आठ पुरतात. जुन्यावर मात्र नव्या कार्डाच्या वाट्याला अर्धाच रस्ता येतो, आणि स्मृती अपुरी पडली की ती कोंडी जाणवते. म्हणजे नव्या कार्डाचा पूर्ण लाभ घ्यायचा तर मदरबोर्ड नवा हवा, त्यासाठी प्रोसेसर नवा हवा, त्याला साजेसा मॉनिटर हवा.

इथे मला उत्तराध्ययनातील कपिलाची कथा आठवली. दोन मासे सोने मागायला निघालेला तो तरुण. राजाने ‘हवे ते माग’ म्हणताच विचार करता करता त्याचे मन कोटींवर जाऊन पोहोचले आणि तिथेही थांबेना. तेव्हा त्याला इच्छेचे खरे रूप कळले. मी ही कथा उपदेश म्हणून सांगितली नाही. मुलाने खर्चाची बेरीज मांडली होती, तीस हजारांच्या घरातील कार्डापासून निघून ती कुठे पोहोचली हे त्याला दिसत होतेच.

वापरलेली वस्तू घेण्यात धोके असतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी अहोरात्र राबविलेली कार्डे जगभर जुन्या बाजारात आली. जुन्या चिपेवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकणारेही असतात. म्हणून आम्ही तीन अटी ठेवल्या. मूळ बिल हवे, कार्ड चालू स्थितीत अर्धा तास भाराखाली पाहायला मिळावे, आणि त्याचा अनुक्रमांक बिलाशी जुळावा. बिलाचा आग्रह मुलाला आधी जाचक वाटला. तेव्हा मी त्याला तिसऱ्या व्रताचे उरलेले अतिचार दाखविले. चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणे, एका वस्तूत दुसरी मिसळून देणे. बिनबिलाच्या स्वस्त कार्डात चोरीचा माल, बुडविलेला अठरा टक्के जीएसटी आणि बनावट चिप या तिन्ही शक्यता एकत्र असतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची ती यादी आजच्या बाजाराला इतकी तंतोतंत लागू पडते, हे पाहून तो बराच वेळ गप्प होता.

अखेर पुण्यातील एका विद्यार्थ्याकडून त्याने बारा जीबीचे ३०६० घेतले. त्याचा एसएमपीएस ५५० वॅटचा असल्याने तो खर्च वाचला. किंमत नव्याच्या निम्म्याहून थोडी अधिक पडली. कार्ड बसविण्यापूर्वी कॅबिनेट उघडले तेव्हा पंख्यात आपल्या नगरची धूळ साचलेली होती आणि तिच्यात रात्रीच्या उजेडाला आलेले बारीक जीव. त्याने ब्लोअर न लावता आजीची मऊ पुंजणी मागितली आणि जयणापूर्वक सगळे झाडून घेतले. आता आठवड्यातून एकदा हवा येण्याच्या जागेवरील जाळी पाहायची, असे त्याने स्वतःच ठरविले आहे.

जुने १०६० कार्ड श्रीगोंद्याच्या भाचीला दिले. ती चित्रकला शिकते आणि तिच्या संगणकात वेगळे कार्ड नव्हतेच. देताना मुलाने तिला फोनवर सांगितले, “ताई, नवे खेळ यावर चालणार नाहीत, आणि २०२८ नंतर सुरक्षेची दुरुस्तीही येणार नाही. चित्रांसाठी मात्र छान आहे.” वस्तू भेट द्यायची असली तरी तिचे दोष सांगून द्यावी, हे त्याला कोणी शिकविले नव्हते.

खेळांतील हिंसेचा प्रश्न उरतोच. पडद्यावर कोणी मरत नाही हे खरे, पण मारताना मनात उठणारा भाव खरा असतो. त्यावर आमचे एकमत झालेले नाही. तो म्हणतो, बुद्धिबळातही प्यादी मरतात. मी म्हणतो, बुद्धिबळात रक्त दिसत नाही. पर्युषणाच्या आठ दिवसांत तसे खेळ बंद ठेवण्याचे त्याने मान्य केले आहे, आणि त्यापुढचे त्याच्या विवेकावर सोडले आहे.

उपासकदशांगातील आनंद श्रावकाबद्दल आपण ऐकतो, की बारा कोटी सुवर्णमुद्रा आणि चाळीस हजार गायींचा तो धनी होता. त्याने व्रत घेताना आपल्याजवळचे सर्व मोजले, आणि दात घासण्याची काडी कोणती वापरायची इथपर्यंत मर्यादा लिहून घेतली. गरीब होण्याचे व्रत त्याने घेतले नव्हते. त्याने थांबण्याची जागा ठरविली होती, आणि मोजल्यावाचून ती ठरत नाही. वेग, स्मृती, वीज, किंमत या रकान्यांच्या वहीला मुलाने आपणहून शेवटी एक रकाना जोडला : ‘मला किती पुरेल?’ कोणत्याही जाहिरातीच्या आलेखात हा रकाना नसतो, कारण तो ज्याचा त्यानेच भरायचा असतो.

परवा तो म्हणाला, की पुढच्या वर्षी मॉनिटर बदलावा असा विचार आहे. वही मात्र त्याने आधीच उघडली आहे.

जय जिनेंद्र.