दोन दिवसांत निलगिरी

बंगळुरूहून शनिवारी पहाटे निघायचे आणि रविवारी रात्री घरी परतायचे, या हिशेबाने उटीला जाणाऱ्या गाड्या कमी नाहीत. अंतर एका बाजूने साधारण पावणेतीनशे किलोमीटर. नकाशावर पाहिले तर दोन दिवस भरपूर वाटतात. प्रत्यक्षात त्यातले बारा-तेरा तास गाडीतच जातात, रात्र झोपेत जाते, आणि उरलेल्या वेळात काय काय बसवायचे यावरून सहलीची चव ठरते.

मूळचे कराडचे, पण नोकरीनिमित्त बरीच वर्षे बंगळुरूत राहणारे एक दांपत्य जानेवारीतल्या एका शनिवारी असेच निघाले. मुलगी शिक्षणासाठी वसतिगृहात गेलेली. लग्नाला बावीस वर्षे झाल्यावर प्रथमच दोघे एकटे सहलीला चाललेले. पतिराजांनी चौदा प्रेक्षणीय स्थळांची यादी तयार केली होती, प्रत्येकापुढे वेळ लिहून. पत्नीने ती वाचली आणि काही न बोलता पर्समध्ये ठेवली.

म्हैसूरपर्यंतचा रस्ता 2023 मध्ये सुरू झालेल्या द्रुतगती मार्गामुळे झटपट संपतो. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. पहाटे पाचला निघालेले लोक आठच्या आत म्हैसूरला डोसा खात असतात. पुढे नंजनगूड, गुंडलुपेट, आणि मग बंदीपूरचे जंगल. 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत बंदीपूर होते. रस्ता जंगलाच्या मधोमध जातो आणि कर्नाटकाची हद्द संपताच तेच जंगल तामिळनाडूत मुदुमलाई नावाने पुढे चालू राहते. हत्तींना दोन राज्यांची हद्द ठाऊक नसते.

या पट्ट्यात रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते. 2009 पासूनचा हा नियम पर्यटकांना जाचक वाटतो, पण रात्री भरधाव गाड्यांखाली किती जनावरे मरत होती हे पाहिले की तक्रार करवत नाही. परतीचा सारा हिशेब याच नऊच्या ठोक्यावर बांधावा लागतो. जंगलात गाडी थांबवणे, खाली उतरणे, माकडांना केळी देणे यांनाही मनाई आहे. तरीही हरणांचा कळप दिसला की मोबाइल घेऊन खाली उतरणारे महाभाग भेटतातच.

तामिळनाडूच्या नाक्यावर आणखी दोन गोष्टी विचारल्या जातात. एक म्हणजे ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 7 मे 2024 पासून निलगिरी जिल्ह्यात जाणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांसाठी तो सुरू झाला. तो मोबाइलवर घरबसल्या काढता येतो. उन्हाळ्यात गाड्यांच्या संख्येवर मर्यादाही घातली गेली आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या वेळचे नियम पाहून घ्यावेत. दुसरी गोष्ट प्लॅस्टिकची. एकदा वापरून फेकायच्या पाण्याच्या बाटल्यांना या जिल्ह्यात बंदी आहे. या दांपत्याकडे स्टीलच्या दोन बाटल्या होत्या. पुढच्या गाडीतल्या मंडळींना मात्र बाटल्यांचा अख्खा खोका तिथेच सोडावा लागला.

मुदुमलाईत तेप्पकाडू येथे वनखात्याचा हत्तींचा तळ आहे. 2023 मध्ये ऑस्कर मिळवणारा ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ हा माहितीपट इथल्याच हत्तीच्या पिल्लाचा आणि त्याला वाढवणाऱ्या जोडप्याचा. इथून उटीला दोन वाटा जातात. मसिनागुडीहून कल्हट्टी घाटाने गेले तर अंतर बरेच वाचते, पण छत्तीस वळणांचा तो चढ इतका खडा आहे की नवख्याने त्या वाटेला न गेलेले बरे. अपघातांमुळे बाहेरच्या पर्यटकांच्या गाड्यांना त्या घाटाने खाली उतरू देत नाहीत. गुडलूरची वाट लांबची, पण रुंद आणि डोळ्यांना सुख देणारी. यांनी तीच धरली.

गुडलूर सोडल्यावर चहाचे मळे लागतात, मग निलगिरीची उंच झाडे. ज्या झाडाला आपण मराठीत निलगिरी म्हणतो ते या डोंगराचे मूळ रहिवासी नव्हे. ते ऑस्ट्रेलियाचे. जळणासाठी म्हणून इंग्रजांनी ते इथे लावले आणि ते पसरले. खरी जुनी निलगिरी पाहायची तर पायकाऱ्याच्या आसपास थांबावे. तिथे बोडक्या, गवताळ टेकड्या दिसतात आणि दोन टेकड्यांच्या घळीत बुटक्या झाडांची गच्च राई. तिला शोला म्हणतात. वरचे गवत पावसाचे पाणी स्पंजासारखे धरून ठेवते आणि घळीतून ते वर्षभर झिरपत राहते. पायकाऱ्याचे पाणी पुढे मोयार होते, मोयार भवानीला मिळते आणि भवानी कावेरीला. म्हणजे या गवताचे देणे खाली मैदानातले शेतकरीही लागतात.

या टेकड्यांवरच बारा वर्षांनी एकदा निळी कुरिंजी फुलते. डोंगराचे नाव तिच्यावरूनच पडले, असे सांगतात. आपल्या सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी फुलणारी कारवी ही तिची बहीणच. पत्नीचे माहेर चिपळूणचे असल्याने कारवीच्या कुडाची घरे तिने लहानपणी पाहिलेली. ती गवतात बसून त्या घरांविषयी सांगत राहिली, आणि यादीतली पंधरा मिनिटे संपून पाऊण तास होऊन गेला.

दुपारी उटी आली. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवरचे हे गाव शनिवारी कुठल्याही शहरासारखेच गजबजलेले असते. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सुलिव्हन याने 1820 च्या दशकात इथे वस्ती वसवली आणि तळे बांधवले. त्या तळ्यात आज नौकाविहारासाठी लांब रांग लागते. दोड्डबेट्टाच्या वाटेवर तर गाड्यांची रांग हलतच नव्हती. 2637 मीटर उंचीचे हे निलगिरीतले सर्वांत उंच शिखर. नावाचा अर्थच मोठा डोंगर. पण अर्धा तास पुढच्या गाडीचा धूर खाल्ल्यावर पतिराज चिडले.

“तिथे गवतात बसलो नसतो तर एव्हाना वर पोहोचलो असतो!”

“मग वर काय केले असते हो?” तिने विचारले.

“फोटो काढला असता.”

हे उत्तर त्यांचे त्यांनाच कसेसे वाटले असावे, कारण पुढच्या वळणावर त्यांनी गाडी माघारी वळवली. तिने पर्समधून यादी काढली, त्यांच्यापुढे धरली आणि दोघांनी मिळून नऊ नावांवर काट मारली.

मग संध्याकाळ सरकारी वनस्पती उद्यानात गेली. 1848 मध्ये उभारणी सुरू झालेल्या या बागेत दोन कोटी वर्षांपूर्वीचे, दगड झालेले झाडाचे खोड ठेवले आहे. लोक पुष्पघड्याळापुढे गर्दी करतात आणि खोडाजवळून नुसते निघून जातात. बागेच्या वरच्या अंगाला तोडा लोकांची वस्ती आहे. म्हशींवर जगणारी ही इथली जुनी जमात. त्यांच्या पारंपरिक झोपड्या अर्ध्या पिंपासारख्या गोल पाठीच्या, आणि दार इतके ठेंगणे की रांगतच आत शिरावे. पांढऱ्या जाड कापडावर लाल-काळ्या दोऱ्याने त्या बायका जे भरतकाम करतात त्याला 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शाल घ्यायची तर ती त्यांच्याकडून घ्यावी. बाजारात तशाच नक्षीच्या यंत्रावरच्या शालीही मिळतात.

छोट्या गाडीतून कुन्नूर

रविवारी सकाळी गवतावर दहिवर गोठून पांढरे झाले होते. मोटार हॉटेलवर ठेवून दोघे रेल्वेने कुन्नूरला निघाले. मेट्टुपाळयम ते उटी हा 46 किलोमीटरचा लोहमार्ग 1899 मध्ये कुन्नूरपर्यंत आणि 1908 मध्ये उटीपर्यंत पोहोचला. 2005 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दातेरी रुळावर चढणारी भारतातली ही एकमेव रेल्वे. रुळांच्या मधोमध दातांची पट्टी असते, इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकते आणि बारा फुटांमागे एक फूट असा चढ गाडी चढते. एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. दातेरी रूळ फक्त कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात आहे आणि वाफेचे इंजिनही कुन्नूरच्या खालीच लागते. उटी-कुन्नूर हा वरचा टप्पा डिझेल इंजिनाचा. ते नवल पाहायचे तर मेट्टुपाळयमहून यायला हवे, आणि त्या प्रवासाला जवळजवळ पाच तास लागतात. दोन दिवसांच्या सहलीत ते बसत नाही.

तरीही तासाभराचा हा प्रवास चुकवू नये. लव्हडेल, केत्ती, वेलिंग्टन अशी इवली स्थानके, खिडकीखाली गाजर-कोबीचे वाफे, बोगदा आला की डब्यातल्या पोरांचा एकच कल्ला. ‘दिल से’ (1998) मधले ‘छैंया छैंया’ याच मार्गावर चित्रित झाले. पतिराजांना स्टिअरिंग धरायचे नव्हते. कितीतरी दिवसांनी ते रस्त्याकडे न पाहता बायकोकडे पाहून बोलत होते. कुन्नूरला 1874 चे सिम्स पार्क, थंडीत खुडलेल्या पानांचा सुवासिक चहा, सोबत कुरकुरीत वर्की. डॉल्फिन्स नोज राहिलेच. बसने ते उटीला परतले आणि तीनला मोटार काढली.

उतार

घाट चढताना इंजिन कुरकुरते म्हणून भीती वाटते. खरा धोका उतारावर असतो. गुडलूरच्या उतारावर सात-आठ वळणांनंतर गाडीत जळका वास येऊ लागला आणि ब्रेकचा पाय मऊ लागू लागला. सतत दाबलेला ब्रेक तापतो, त्याची पकड सुटते, आणि ब्रेकचे तेल उकळले तर पाय नुसता खाली जातो. पत्नीने गाडी कडेला घ्यायला लावली. तिचे वडील एसटीत ड्रायव्हर. कुंभार्ली घाटात त्यांनीच तिला गाडी शिकवलेली. लग्नानंतर मात्र घाट आला की चाक पतिराजांकडे, हा घरचा रिवाज पडलेला.

“आता मी घेते,” ती म्हणाली. ते काही बोलले नाहीत, उतरून दुसऱ्या बाजूला बसले.

अर्धा तास चाके थंड होऊ दिली. चाकांवर पाणी ओतायचे नाही, तापलेल्या लोखंडाला तडा जातो. मग तिने दुसरा गिअर टाकला. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचे, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरते आणि ब्रेक फक्त वळणापुरता लागतो. ऑटोमॅटिक गाडीतही खालचा गिअर धरून ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. वळणाआधी हॉर्न, चढणाऱ्या गाडीला आधी वाट, आणि न्यूट्रल कधीच नाही. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. जागा मिळेल तिथे ती त्यांना पुढे जाऊ देत होती.

गुडलूरला पोहोचेपर्यंत साडेसहा झाले. तेप्पकाडूनंतर अंधारात पुढच्या गाड्यांचे लाल दिवे थांबलेले दिसले. तिनेही गाडी थांबवली आणि हेडलाइट मंद केला. डावीकडच्या बांबूतून एक हत्तीण बाहेर आली, मागून दोन पिल्ले, मग आणखी तिघी. रस्ता ओलांडायला त्यांना चार-पाच मिनिटे लागली. पतिराजांचा मोबाइल मांडीवर होता, तो तिथेच राहिला. आठच्या सुमारास त्यांनी बंदीपूरचा नाका ओलांडला आणि म्हैसूरपर्यंत गाडी तिनेच चालवली.