सोलेनॉइडची सुई

आमच्या दिवाणखान्यातल्या कपाटाच्या वरच्या खणात एक सोलेनॉइड ठेवला आहे. अंगठ्याएवढा असेल. एका टोकाला आटे, दुसऱ्या टोकातून निघालेली वायर. आट्यांच्या पुढे एक बारीक सुई असायला हवी, ती नाही. पक्कडीने तोडली आहे. तोडल्याची खूण बोटाला लागते, कानस मारायचीही कोणी तसदी घेतली नाही. दिवाळीची साफसफाई निघाली की बायको विचारते, हे टाकू का? मी नको म्हणतो.

तो ज्या गाडीतून निघाला ती मारुती ८००, १९९७ ची, अण्णांनी नवी घेतलेली. अण्णा म्हणजे माझे वडील. तेव्हा आम्ही कोथरूडला होतो, भुकूमला नंतर आलो. ८०० ला इंजेक्शन आलं २००० च्या सुमारास, म्हणजे आमची कार्बोरेटरवाली. पंधरा वर्षं झाली तेव्हा २०१२ साली पुन्हा नोंदणी केली, मग २०१७, मग २०२२. शेवटच्या खेपेला फी सहाशेवरून पाच हजार झाली होती. तीही भरली. गाडी विकायचा विषय घरात निघत नाही.

२०१९ साली गाडीचं आयडलिंग बिघडलं. सिग्नलला उभी राहिली की रेस आपोआप वर जायची, मग खाली यायची, मग बंद पडायची. मी पुण्यातल्या एका गॅरेजला टाकली. तीन दिवसांनी मिळाली. बिलावर कार्बोरेटर ओव्हरहॉल, किट, आणि ‘सोलेनॉइड नवीन’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी पैसे दिले. गाडी बंद पडायची थांबली होती हे खरं, पण त्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. चावी फिरवून काढून घेतली तरी इंजिन चालूच राहायचं. खडखड, खडखड करत सगळी गाडी हलायची आणि पाच-सहा सेकंदांनी आचका देऊन थांबायची. उन्हातून चालवून आणली असेल तर जास्तच.

अण्णा स्वतः गाडी घेऊन परत गॅरेजला गेले. त्यांना सांगितलं गेलं, “काका, तुम्ही पाय अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवून चावी बंद करता. आधी पाय काढायचा.”

अण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. पन्नास वर्षं गाडी चालवलेला माणूस. घरी आले आणि त्यांनी मला ते तसंच सांगितलं, जणू त्यांची चूक सापडली होती आणि आता ते ती सुधारणार होते. मग रोज सुरू झालं. फाटकातून आत यायचं, गाडी उभी करायची, दोन्ही पाय उचलून मागे घ्यायचे, मग चावी. गाडी तरी खडखडायचीच. ते पुन्हा चावी लावून बंद करून बघायचे. पुढे त्यांनीच एक उपाय काढला. ब्रेक दाबून धरायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायची, चावी बंद करायची आणि क्लच सोडायचा. इंजिन दचका देऊन गप्प. शेजाऱ्यांकडे पाहुणे आले असतील तर ते गाडी फाटकाबाहेरच ठेवायचे, आवाज नको म्हणून. मीही एकदा म्हणालो होतो, “अण्णा, पाय काढलात ना नीट?” हे वाक्य मला परत घेता येत नाही.

पाच वर्षं असं चाललं.

२०२४ च्या पावसाळ्यात गाडी दीड महिना उभी राहिली. मुळशीचा पाऊस काय असतो ते इकडच्यांना सांगायला नको. श्रावणात चालू करायला गेलो तर काही केल्या होईना. आमच्या इथे रस्त्याला लागून एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे, ट्रॅक्टरपासून स्कूटरपर्यंत सगळं करतात. ते घरी आले, एअर क्लीनर उघडला आणि म्हणाले, “सर, हे नळ्यांचं जंगल आहे. ह्यातलं निम्मं कशाला ठेवलंय?”

कार्बोरेटर उतरवला, स्टीलच्या परातीत घेऊन अंगणात बसलो. फ्लोटच्या वाटीत तळाशी पांढरी पूड साचली होती, ओल्या मिठासारखी. पेट्रोलमधलं इथेनॉल ओल धरतं, आणि गाडी उभी राहिली की ते पाणी खाली बसून धातू खातं. वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झालं आणि दोन-अडीच वर्षांत सगळीकडे झालं. ऊस पिकवणाऱ्याला चार पैसे मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण १९९७ च्या गाडीचे रबरी डायफ्राम त्या पेट्रोलसाठी बनवलेले नाहीत, आणि पंपावर साधं पेट्रोल मागायची सोय ठेवायला हवी होती. शिवाय इथेनॉल जळायला हवा कमी लागते. म्हणजे जुन्याच जेटमधून हे पेट्रोल गेलं तर मिश्रण पातळ पडतं, इंजिन तापतं. ज्यांच्याकडे कार्बोरेटरची गाडी आहे त्यांनी ती पावसाळ्यात दर आठवड्याला दहा मिनिटं तरी चालवावी, आणि महिनाभर उभी ठेवायचीच असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी.

तर नळ्या. आमच्या गाडीचा एसी २०११ सालीच काढून टाकला होता. कॉम्प्रेसर गेला, पाइप गेले, पण कार्बोरेटरजवळचा एक डायफ्राम तसाच राहिला. एसी लावला की इंजिनवर भार येतो, म्हणून हा डायफ्राम थ्रॉटल जरासा उघडून रेस वाढवतो. एसीच नाही तर त्याला काम काय? त्याची नळी मात्र अजून इंजिनच्या व्हॅक्यूमला जोडलेली होती. मिस्त्रींनी ती चिमटीत धरून वाकवली. वळणावर उभी चीर उघडली, आतलं काळं रबर दिसलं.

“ही हवा ओढत होती,” ते म्हणाले. “आयडलिंग वर-खाली होत असणार तुमचं.”

मी २०१९ ची सगळी गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाना लावून सोलेनॉइड सोडवला, हातात फिरवला आणि माझ्यापुढे धरला.

ह्या सोलेनॉइडचं काम एवढंच. चावी चालू केली की बारा व्होल्ट मिळतात, सुई आत ओढली जाते, टिक असा आवाज येतो आणि आयडलिंगच्या पेट्रोलची वाट मोकळी होते. चावी बंद केली की स्प्रिंग सुईला पुढे ढकलते, वाट बंद होते, तापलेल्या इंजिनला पेट्रोल मिळत नाही आणि ते जागच्या जागी थांबतं. सोलेनॉइड जळला तर सुई वाट अडवून बसते आणि आयडलिंगच मिळत नाही. मग सुई तोडायची. वाट कायमची उघडी. गाडी चालते, फक्त बंद करायची वेळ आली की थांबायला तयार नसते, आणि रेसचा स्क्रू वाढवून ठेवलेला असेल तर अजिबातच नाही. आमचा तो स्क्रूही चांगला वाढवलेला निघाला. म्हणजे दोष होता फाटक्या नळीत, एका कामाला न येणाऱ्या भागाच्या नळीत, आणि तोडली ती कामाची सुई. बिलावर ‘नवीन’ लिहून. आणि पाय काढायला सांगितलं अण्णांना.

मला ओरडावंसं वाटलं. अण्णा ओट्यावर पेपर वाचत बसले होते, म्हणून ओरडलो नाही.

त्या दुपारी मी नको ते सगळं काढायच्या मागे लागलो. एसीचा डायफ्राम काढला, त्याचा व्हॅक्यूमचा व्हॉल्व्ह काढला, चार नळ्या काढल्या, उघड्या तोंडांवर रबरी टोप्या बसवल्या. पितळी जेट पेट्रोलने धुतले, हवा मारली. जेटमध्ये तार घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं. फारच अडलं तर वायरमधला तांब्याचा एक केस घ्यायचा. नवी गॅस्केट, नवा पंप डायफ्राम. इंजिन वरून मोकळं दिसायला लागलं. फाटलेली नळी गेल्यावर रेसचा स्क्रू नेहमीच्या जागी आणता आला आणि आयडलिंग नऊशेच्या आसपास स्थिर राहिलं. मला वाटलं, गाडीच्या अंगावरचं ओझं उतरलं.

पिरंगुटचा घाट चढवून बघितली, पूर्वीसारखीच चढली. पण पुढच्या आठवड्यात लक्षात आलं की भुगावच्या गर्दीत, हलक्या पायाने चालवताना ती जड वाटते. इंजिन गरम राहतंय. टाकी भरून हिशेब केला तर लिटरला सोळाची तेरावर आली होती. दोन दिवस मी जेटमध्ये, फ्लोटमध्ये चूक शोधत होतो. दोष घाटात दिसत नाही आणि सपाटीवर दिसतो, हे मला समजतच नव्हतं. मिस्त्रींनी डिस्ट्रिब्यूटरकडे बोट दाखवलं. त्याच्या व्हॅक्यूमच्या डब्यावरचं नळीचं तोंड रिकामं होतं. काढलेल्या चार नळ्यांपैकी एक व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची होती. हलक्या पायावर व्हॅक्यूम भरपूर असतो, तेव्हा ही नळी ठिणगी जरा लवकर पाडायला लावते आणि पेट्रोल वाचतं. घाटात पाय दाबलेला असतो, व्हॅक्यूम पडलेला असतो, तेव्हा ती असली काय नि नसली काय. मी नवी नळी डब्याला लावून दुसरं टोक तोंडाने ओढून बघितलं. टोपण काढलेल्या डिस्ट्रिब्यूटरमधली पॉइंटची प्लेट डोळ्यांदेखत सरकली. सत्तावीस वर्षं ती गुपचूप अशी सरकत होती, आणि मी तिची नळी कचऱ्यात टाकली होती. नंतर पीयूसी केली. अशा जुन्या गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, आमची त्याच्या बरीच आत बसली.

नवा सोलेनॉइड नाना पेठेत मिळाला, बिलात लावला होता त्यापेक्षा स्वस्तात. मिस्त्री मात्र म्हणत होते, नको. “पुन्हा जळेल, पुन्हा रस्त्यात उभे राहाल. तोडलेलाच बरा. मीसुद्धा दहा-बारा तोडल्यात, सर.” मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ते शांतपणे म्हणाले, “पण सांगून तोडल्यात. गिऱ्हाइकाकडं पैसे नसतात, दुकानात माल नसतो, माणसाला संध्याकाळच्या आत गावी पोचायचं असतं. मग काय करणार?”

त्या गॅरेजातही त्या दिवशी माल नसेल. पक्कड हातात धरणारा कोणी वीस-बावीस वर्षांचा पोरगा असेल, त्याला वरून सांगितलं असेल की गाडी आज द्यायची आहे. बिल दुसऱ्याच कोणी लिहिलं असेल. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलं आहे, आणि त्या पोराचा राग येणं खरंच थांबलं आहे. पाय काढायला सांगणाऱ्याचा थांबलेला नाही.

नवा सोलेनॉइड बसवल्यावर अण्णांना बोलावलं. खाटपेवाडीच्या तलावापर्यंत जाऊन आलो, इंजिन चांगलं तापलं. फाटकाच्या आत गाडी थांबवली. मी म्हटलं, “अण्णा, आता नुसती चावी बंद करा.” त्यांनी केली. इंजिन तिथल्या तिथे थांबलं. त्यांनी चावी पुन्हा अर्धी फिरवली, टिक. बंद केली. पुन्हा फिरवली, टिक. “हा आवाज होय,” म्हणाले. तोडलेला सोलेनॉइड मी दाखवला, त्यांनी चष्मा वर करून बघितला आणि परत दिला. गॅरेजबद्दल एक शब्द काढला नाही.

अजूनही बाहेरून आले की ते आधी दोन्ही पाय मागे घेतात, मग चावीला हात लावतात.