नानांचा उर्दू पेपर

१९९७ च्या नोव्हेंबरात आम्ही चौघे मित्र वसमतहून औरंगाबाद पाहायला निघालो. तेव्हा वसमत परभणी जिल्ह्यात होते. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला झाला. आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो, विषय इतिहास. पुस्तकात वाचलेले शहर शनिवार-रविवारी डोळ्यांनी पाहून यायचे, एवढाच बेत. सोबत अम्मीने बांधून दिलेल्या भाकरी, लसणाची चटणी आणि शेजारच्या नानांनी सांगितलेले एक काम.

नाना निजामाच्या राज्यात शिकलेले. त्यांचे शिक्षण उर्दूतून झालेले. कपाळावर गंध, तोंडी तुकोबांचे अभंग आणि सही मात्र उर्दूत. ते म्हणाले, "औरंगाबादेत उर्दू पेपर मिळतो. एक घेऊन या रे. लई दिवस झाले वाचून."

आम्ही हसलो. नाव आमचे मुसलमानी आणि उर्दू पेपर हवा होता नानांना! आम्ही चौघेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात दखनी बोलायचो. मदरशात जाऊन कुरआन वाचायला शिकलो होतो; पण उर्दू पेपरची ती तिरकी लिपी डोळ्यांना लागत नव्हती.

औंढा, जिंतूर, जालना करीत एसटी दुपारी औरंगाबादला पोचली. आधी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर. ताजमहालाची नक्कल म्हणून लोक तिला नाव ठेवतात, आम्हाला मात्र ती आवडली. तिथून पाणचक्कीला गेलो. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून तिथवर येते, उंचावरून पडते आणि त्या जोरावर जाते फिरते. फकिरांच्या आणि मुसाफिरांच्या पिठाची सोय अशी पाण्याने केलेली. एकाला आठवले, घरी अजून पहाटे जात्यावर दळताना अम्मीचे हात दुखतात.

आम्ही हौदाच्या काठावर बसून हे सगळे आपसात मराठीत बोलत होतो. शेजारी पुण्याकडचे एक कुटुंब बसले होते. त्यातल्या बाईंनी कौतुकाने आमची नावे विचारली. नावे ऐकून त्या म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मुस्लिम? मग मराठी इतकं छान कसं बोलता?"

त्यांच्या मनात काही वाकडे नव्हते, हे आम्हालाही कळत होते. पण उत्तर सुचेना. आपल्याच घरात आपल्याला पाहुणा म्हणून पाणी विचारावे, तसे झाले. त्या रात्री ओळखीच्या एका मुलाच्या खोलीवर जमिनीवर झोपलो, पण बराच वेळ कोणी बोलले नाही.

रविवारी सकाळी खुलताबादला गेलो. दर्ग्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारले, "कहाँ से तशरीफ लाए?" आम्ही म्हणालो, "वसमत से आए जी, देखने कू." ते हसले. "ये कौनसी उर्दू है मियाँ? जरा साफ बोला करो."

एका दिवसात दोनदा परके ठरलो. मराठी आमची म्हणावी तर ती जास्तच चांगली, आणि उर्दू आमची म्हणावी तर ती बिघडलेली.

औरंगजेबाच्या कबरीपाशी माणसे होती. पण आम्हाला मलिक अंबरची कबर पाहायची होती. विचारत विचारत गेलो, तर तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हते. घुमटाखाली गार सावली, बाहेर वाळलेले गवत आणि दोन शेळ्या. हा माणूस हबशी मुलखातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, पुन्हा पुन्हा विकला गेला, बगदादहून दख्खनला आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. पुढे तो स्वतःच पेशवा झाला. मोगलांना त्याने वर्षानुवर्षे दमवले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्याच्या तुटलेल्या शिरावर आपण बाण मारतो आहोत असे चित्र जहांगीराने काढून घेतले. खरे शिर काही त्याच्या हाती लागले नाही. १६१० मध्ये खडकी गावी त्याने जे शहर वसवले, तेच पुढे औरंगाबाद झाले. डोंगराचे पाणी नहरीने शहरात आणले तेही त्यानेच.

आमच्यातला एकजण हळूच म्हणाला, "याला कोणी विचारलं असेल का रे, की तू कुठला, आणि आमची बोली कशी बोलतोस?" आम्ही फातिहा पढलो आणि निघालो.

परतीच्या आधी स्टँडवर उर्दू पेपर घेतला. एसटीत चौघांनी तो उलटसुलट करून पाहिला. मोठ्या मथळ्यातली दोन-तीन अक्षरे जुळली, इतकेच.

सोमवारी संध्याकाळी नानांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि कंदिलाशी पेपर धरून पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. आधी अडखळले, मग त्यांचा आवाज मोकळा झाला. कठीण शब्द आला की थांबून त्याचा अर्थ आम्हाला मराठीत सांगायचे. गंध लावलेले नाना उर्दू वाचत होते आणि आम्ही चार मुसलमान पोरे मराठीतून ती समजून घेत होतो. पाणचक्कीवरच्या बाईंना आणि दर्ग्यातल्या त्या गृहस्थांना हा ओटा दाखवायला हवा होता, असे तेव्हा फार वाटले.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पाटी घेऊन नानांकडे जाऊ लागलो. चौघांपैकी दोघांना लिपी आली. नाना आता नाहीत. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. ती इथल्या मातीतली, असा सरकारी कागद झाला. आम्हाला "तुम्ही मूळचे कुठले?" असे अजूनही कोणीतरी विचारते. आता आम्ही सरळ सांगतो, वसमतचे. फारच खोलात गेले कोणी, तर नानांच्या ओट्याचे सांगतो.