गाळलेली दोन पाने

आमचे अब्बा रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवायचे. काचबिंदूने त्यांची नजर गेली तेव्हा निवृत्तीला दोन वर्षे उरली होती. पुस्तकांचे कपाट तसेच राहिले. मगरिबची नमाज झाली की आम्ही तिघे भावंडे पाळीपाळीने त्यांना वाचून दाखवायचो.

एके रात्री कथा संपता संपेना, म्हणून दोन पाने एकदम उलटली गेली. पाळी कोणाची होती ते सांगत नाही. तिघांनीही कधी ना कधी तेच केले होते. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकले आणि एवढेच विचारले, "बेटा, पत्राला जवाब गेला, पण पत्र आलं कधी?" आम्ही ओशाळलो. दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचणाऱ्याला दुसऱ्याच्या मर्जीनेही वाचावे लागते, हे त्या रात्री कळले.

पुढे बोलक्या पुस्तकांच्या कॅसेटी टपालाने येऊ लागल्या. एकेका कादंबरीच्या आठ-दहा कॅसेटी. कालचा परिच्छेद पुन्हा ऐकायचा तर फीत मागेपुढे करीत बसावे लागे. त्यासाठी पुन्हा आम्हालाच हाक.

ही अडचण 'डेझी' पुस्तकाने दूर केली. अशी पुस्तके एकाच पद्धतीने बनावीत म्हणून 1996 साली निरनिराळ्या देशांतल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी एक संघ स्थापन केला. या पुस्तकात नुसता आवाज नसतो. प्रकरणे आणि पानांचे आकडे त्यात खुणा करून ठेवलेले असतात. बटण दाबले की पुढचे प्रकरण, आकडा दिला की तेच पान. खूणही ठेवता येते. दृष्टिहीनांनाच नव्हे, ज्यांना हाताने पुस्तक धरता येत नाही किंवा छापील अक्षरे ज्यांच्या डोळ्यांपुढे गोंधळ करतात, त्यांनाही ते उपयोगी पडते. 2016 साली आपल्या देशात 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले. अब्बा त्याचे सभासद झाले. फजरनंतर ते एकटेच कानाला यंत्र लावून बसत. आता पाळी कोणाचीच नव्हती.

एकदा त्यांना कोकणातल्या एका मुस्लिम लेखकाचा जुना कथासंग्रह ऐकावासा वाटला. यादीत तो मिळाला नाही. आम्ही आमची प्रत स्कॅन करून संगणकाला वाचायला दिली. पुसट छपाई त्याला नीट लागेना, आणि आपल्या घरची कोकणी बोली तर त्याने अशी तोडली की अम्मी पदर तोंडाला लावून हसत राहिली. अब्बा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आपली माणसं आपल्याच आवाजात बोलायला हवीत."

कायदा आड येत नव्हता. 2012 च्या दुरुस्तीनंतर अपंग व्यक्तींसाठी, नफा न घेता, अशी प्रत लेखकाच्या परवानगीवाचूनही करता येते. 27 जून 2013 रोजी मोरोक्कोतल्या मराकेश शहरात अशी पुस्तके एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाट मोकळी करणारा करार झाला. 2014 साली त्याला मंजुरी देणारा पहिला देश आपला भारत. अडत होते ते फक्त आपल्या वाचण्यावर.

तिघांनी कथा वाटून घेतल्या. उन्हाळ्याच्या सुटीत पंखा बंद ठेवून वाचल्या. दर कथेला मथळ्याची आणि दर पानाला आकड्याची खूण केली. ईदच्या आदल्या दिवशी पुस्तक अब्बांच्या हाती दिले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. "पान 37. इथं एक ओळ गाळलीय."

आम्ही छापील प्रत काढून पाहिली. ओळ खरोखरच सुटली होती. त्या ओळीसाठी आम्ही ते पान पुन्हा वाचले. आपल्या वार्षिकाच्या वाचकांच्या कपाटांतही अशी पुस्तके असतील. त्यांतले एखादे काढून वाचायला बसावे, एवढेच सांगणे आहे.